वेल्डिंगच्या आचेत कोल्ड प्लेट का वाकते आणि वाकू नये म्हणून काय करावे

ठाणे-बेलापूर रस्त्याने ऐरोलीहून महाप्याकडे जाताना पूर्वेला, पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी पसरलेल्या औद्योगिक वसाहतीत, गेल्या काही वर्षांत फारशा खिडक्या नसलेल्या मोठमोठ्या इमारती उभ्या राहिल्या आहेत. ही डेटा सेंटरे आहेत. त्यांच्या आतल्या संगणकांना थंड ठेवायला आतापर्यंत थंड हवेचा झोत पुरत असे, पण नव्या चिपांपुढे हवा अपुरी पडू लागली आहे. एनव्हिडियाच्या एच१०० या चिपचा एसएक्सएम प्रकार ७०० वॉटपर्यंत वीज घेतो आणि ती सगळी वीज शेवटी उष्णताच होते. या चिपचे क्षेत्रफळ ८१४ चौरस मिलिमीटर, म्हणजे जेमतेम तीन सेंटीमीटर बाजूचा चौरस. घरातली साधी इस्त्री साधारण ७५० ते १००० वॉटची असते, तेव्हा जवळजवळ एका इस्त्रीची उष्णता पोस्टाच्या मोठ्या तिकिटाएवढ्या जागेतून सतत बाहेर काढायची, असे हे काम आहे.

यासाठी द्रवाचा आधार घेतात. एक लिटर पाणी एका अंशाने तापताना जेवढी उष्णता सामावते, ती एक लिटर हवेच्या सुमारे साडेतीन हजार पट असते. चिपवर धातूची एक चपटी, आतून पोकळ प्लेट बसवतात आणि तिच्या आतल्या बारीक मार्गांतून पाणी किंवा पाणी व ग्लायकॉल यांचे मिश्रण फिरवतात. हिलाच कोल्ड प्लेट म्हणतात. चिपसाठी ती बहुधा तांब्याची असते. मोटारींचे इन्व्हर्टर, सौर ऊर्जेची यंत्रणा, रेल्वेचे कन्व्हर्टर अशा ठिकाणच्या मोठ्या आयजीबीटी मॉड्यूलसाठी, म्हणजे मोठा विद्युतप्रवाह चालू-बंद करणाऱ्या अर्धवाहक स्विचांच्या संचांसाठी, ती बहुतेक वेळा ॲल्युमिनियमची असते. रचना सोपी आहे. जाड तळात मार्ग कोरायचे, वर झाकण बसवायचे आणि झाकण कायमचे जोडून टाकायचे. सगळी अडचण या शेवटच्या तीन शब्दांत आहे. जोडण्यासाठी आच द्यावी लागते, आच दिली की धातू हलतो, आणि हललेला धातू थंड झाल्यावर पूर्वीच्या जागी परत येत नाही.

रबाळे परिसरातल्या एका शेडमध्ये मी अशा प्लेटांच्या कामात बरीच वर्षे आहे. या कामाला नव्याने लागलेल्या माणसाला सर्वांत आधी एक गोष्ट समजावून सांगावी लागते. प्लेट वेल्डिंगच्या टेबलावर वाकताना दिसते खरी, पण ती किती वाकणार याचा बहुतेक निर्णय त्याआधीच, ड्रॉइंगवर आणि कच्चा माल निवडताना, होऊन गेलेला असतो.

सपाट म्हणजे किती सपाट

आयजीबीटी मॉड्यूलचे उत्पादक बसवण्याच्या पृष्ठभागाबद्दल साधारणपणे अशी अट घालतात की १०० मिलिमीटर लांबीत सपाटपणातील फरक ५० मायक्रॉनच्या (०.०५ मिलिमीटरच्या) आसपास किंवा त्याहून कमी असावा. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा असतो. म्हणजे अर्ध्या वितीएवढ्या लांबीत केसाएवढाही बाक खपत नाही.

ही अट इतकी कडक का, हे एका छोट्या हिशेबातून कळते. चिप आणि प्लेट यांच्यामध्ये थर्मल पेस्टचा थर असतो. चांगल्या पेस्टची उष्णतावाहकता प्रति मीटर प्रति अंश ३ वॉटच्या आसपास धरू. तांब्याची सुमारे ३९० असते, म्हणजे पेस्ट तांब्याच्या शंभरपटीहून अधिक मंद आहे. ७०० वॉट उष्णता तीन बाय तीन सेंटीमीटर जागेतून जात असेल आणि पेस्टचा थर ०.०३ मिलिमीटर असेल, तर त्या थरातच सुमारे ८ अंशांची वाढ होते. प्लेटला बाक असल्यामुळे थर ०.१ मिलिमीटर झाला, तर हीच वाढ २६ अंशांवर जाते. आतल्या मार्गांची रचना कितीही कुशल असो आणि पंप कितीही ताकदीचा असो, हे १८ अंश परत मिळत नाहीत. पेस्टही न पोहोचता मध्ये हवा राहिली तर परिस्थिती फारच वाईट होते, कारण हवेची वाहकता पेस्टच्याही सुमारे शंभराव्या हिश्श्याची आहे. गळती दिसते, म्हणून तिची भीती सगळ्यांना असते. बाक दिसत नाही, आणि तो वर्षानुवर्षे चिपचे आयुष्य खात राहतो.

बाक येतो कुठून

बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना वेल्डिंगमधील आकुंचन वेगळे शिकवावे लागत नाही. धाव चाकापेक्षा किंचित लहान ठेवतात, तापवून ती फुगवतात, लाकडी चाकावर बसवतात आणि पाणी ओततात. थंड होताना ती अशी आवळते की आरे आणि पाट्या घट्ट बसतात. थंड होणाऱ्या धातूत एवढे बळ असते. वेल्डची पट्टी ही अशीच एक धाव आहे. फरक इतकाच, की ती चाकाला गोल न आवळता प्लेटला एका बाजूने ओढते.

यात एक बारकावा आहे. संपूर्ण प्लेट सारख्या प्रमाणात तापली आणि सारख्या प्रमाणात निवाली, तर ती फुगेल, पुन्हा आकसेल आणि मूळ आकारात येईल. बाक आचेमुळे येत नाही, विषम आचेमुळे येतो. वेल्डच्या रेषेवरचा धातू शेकडो अंशांनी तापतो आणि प्रसरण पावू पाहतो, पण आजूबाजूचा थंड धातू त्याला जागा देत नाही. पुरेसा अडवलेला ॲल्युमिनियमचा तुकडा एका अंशाने तापला की त्यात सुमारे १.६ मेगापास्कल ताण तयार होतो. ६०६१-टी६ हा या कामातला नेहमीचा मिश्रधातू साधारण २७६ मेगापास्कलला कायमचा दबू लागतो. म्हणजे सुमारे १७० अंशांचा फरक त्याला पुरतो. प्रत्यक्षात तापलेला ॲल्युमिनियम मऊ पडत असल्यामुळे ही मर्यादा त्याआधीच ओलांडली जाते. वेल्डलगतचा धातू गरम असताना दबून आखूड होतो. आखूड झालेलाच तो थंड होतो, आता आणखी आकसू पाहतो आणि शेजाऱ्यांना स्वतःकडे ओढतो. त्यातच वितळलेला ॲल्युमिनियम गोठताना त्याचे आकारमान सुमारे सहा टक्क्यांनी घटते. शिंप्याने दोरा जास्त ताणून शिवण घातली की कापडाला चुण्या पडतात. पातळ झाकणाला वेल्डिंगनंतर ज्या लाटा येतात, त्या याच चुण्या होत.

पोलादावर हात बसलेला वेल्डर ॲल्युमिनियमकडे आला की सुरुवातीला अडखळतो. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतो. त्याच्यात आच फार वेगाने पसरते. ६०६१ मध्ये १०० मिलिमीटर अंतर पार करायला उष्णतेला ढोबळ मानाने अडीच मिनिटे लागतात, तर पोलादात त्याच अंतराला दहा मिनिटांहून अधिक. त्यामुळे वेल्डरला आच अधिक द्यावी लागते, कारण दिलेली आच लगेच पळून जाते, आणि पळून गेलेली आच प्लेट सोडून कुठे जात नसल्यामुळे संपूर्ण नगच तापत राहतो. एखाद्या ३०० बाय २०० मिलिमीटरच्या प्लेटच्या कडेने आर्गन वेल्डिंग, म्हणजे आर्गन वायूच्या आवरणाखाली विजेच्या चापाने केलेले वेल्डिंग, करायचे आहे असे समजा. १४ व्होल्ट, १२० अँपिअर आणि सेकंदाला ३ मिलिमीटर वेग धरला, तर दर मिलिमीटरला ५६० ज्यूल खर्च होतात. परिघ एक मीटर, म्हणजे एकूण ५६० किलोज्यूल. यातली निम्मी आच प्लेटमध्ये शिरली आणि प्लेट अडीच किलोची असली, तर न थांबता केलेल्या एका फेरीत संपूर्ण प्लेट सुमारे १२० अंशांनी तापते. पहिला टाका थंड धातूवर बसतो आणि शेवटचा गरम धातूवर. दोन्ही सारखे आकसतील कसे?

कोल्ड प्लेटची घडण या बाबतीत मुळातच प्रतिकूल आहे. झाकण वरच्या अंगाला असते, म्हणून वेल्डही वरच्या अंगाला येतो. प्लेटच्या जाडीच्या मधोमध एक काल्पनिक पातळी असते, तिला तटस्थ पातळी म्हणू. तिच्या वर वेल्ड पडला की वरचे अंग आखूड होते, कडा झाकणाकडे उचलल्या जातात आणि खालचा, म्हणजे मॉड्यूल बसण्याचा पृष्ठभाग मधोमध फुगतो. याची तीव्रता कळण्यासाठी पुन्हा एक हिशेब उपयोगी पडतो. २० मिलिमीटर जाड आणि ३०० मिलिमीटर लांब प्लेटचे वरचे अंग खालच्यापेक्षा ५० अंशांनी गरम असेल, तर तेवढ्या वेळेपुरता तिला ०.६६ मिलिमीटर बाक येतो. परवानगी असलेल्या फरकाच्या कितीतरी पट हा आकडा आहे. तो तात्पुरता असतो हे खरे, पण त्यातला जो भाग धातू दबल्यामुळे कायम होतो, तेवढाही काम बिघडवायला पुरतो.

दुसरा दोष बाहेरून सहज लक्षात येत नाही. चारी कडांचा वेल्ड आकसला की मधल्या झाकणाला आत दाबले जाते, आणि पातळ झाकण दबण्याऐवजी वर फुगते. ते आतल्या मार्गांमधल्या भिंतींवरून उचलले जाते. मग द्रवाला वळणावळणाच्या मार्गाने जायची गरज उरत नाही. तो भिंतीवरच्या फटीतून थेट शेजारच्या मार्गात उतरतो. प्लेट गळत नाही, दाबाची चाचणी पास होते, वरून सगळे ठीक दिसते, पण प्लेटचा एक कोपरा मात्र तापलेलाच राहतो. मला हा दोष साध्या बाकापेक्षा जास्त धोकादायक वाटतो, कारण बाकावर शेवटी फेसिंग करता येते, म्हणजे मशीनवर वरचा थर कापून पृष्ठभाग सपाट करता येतो, आणि या फटीवर काहीही करता येत नाही.

ड्रॉइंगवरच घ्यायचे निर्णय

वेल्ड तटस्थ पातळीजवळ आणता आला, तर अर्धे काम तिथेच होते. जाड तळ आणि पातळ झाकण याऐवजी सारख्या जाडीचे दोन अर्धे भाग एकमेकांवर ठेवून जोड बाजूच्या कडेवर, जाडीच्या मधोमध घेतला, तर आकसणारी पट्टी दोन्ही अंगांना सारखे ओढते. मार्ग कोरण्याचे काम त्यामुळे वाढते, म्हणून ग्राहक कुरकुरतो, पण जिथे दोन्ही बाजूंना मॉड्यूल बसायचे आहेत तिथे हाच मार्ग शहाणपणाचा आहे.

तेही शक्य नसेल, तर वेल्डला थोडी आच पुरेल अशी जागा तयार करावी. जाड धातूच्या काठावर थेट वेल्ड करायचा तर तो जाड धातू सगळी आच पिऊन टाकतो. त्याऐवजी जोडाच्या बाजूने तळात एक अरुंद खाच घेऊन जोडाजवळ पातळ ओठ उरू द्यावा. आता पातळ झाकण आणि पातळ ओठ एकमेकांना भिडतात, दोन्ही बरोबर वितळतात आणि खाचेमुळे आच पलीकडे सहजी जात नाही. पाणी आत-बाहेर नेणारे नोझल जोडतानाही हेच करावे. जाड नोझल आणि पातळ भिंत यांच्या जोडात नोझलच्या मुळाशी अशी खाच नसेल, तर वेल्डर नाइलाजाने करंट वाढवतो आणि तेवढी कड आत ओढली जाते.

कच्च्या मालाकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. रोलिंग आणि पाण्यात विझवण्यामुळे प्लेटच्या पोटात ताण साठलेला असतो. बाहेरच्या थरांत दाब आणि आत ताण असा तो समतोल असतो. एका बाजूने मार्ग कोरले की समतोल बिघडतो आणि वेल्डिंगच्या आधीच प्लेट वाकते. टी६ ऐवजी टी६५१ अशी खूण असलेली प्लेट घ्यावी. उष्णोपचारानंतर ती कारखान्यातच दोन-तीन टक्क्यांच्या आत ताणलेली असते, त्यामुळे साठलेला ताण बराच उतरलेला असतो. मशिनिंगही दोन टप्प्यांत करावे. आधी सगळीकडे थोडे जास्तीचे माप ठेवून कोरावे, क्लॅम्प सोडून प्लेटला हवे तसे हलू द्यावे आणि मग शेवटचा काप घ्यावा. झाकण तळावर हाताने ठेवल्यावर फट न राहता बसले पाहिजे. फट असली तर ती भरायला फिलर, म्हणजे जोडात वितळवून भरायचा धातू, जास्त लागतो, आणि जास्त फिलर म्हणजे जास्त आकुंचन.

कोणत्या पद्धतीने जोडावे

पहिला प्रश्न असा असावा, की वेल्ड हवाच का. दाब कमी असेल आणि जागा असेल तर ओ-रिंग व स्क्रूने बसवलेले झाकण चालते. तळात खाचा पाडून तांब्याची नळी दाबून बसवली तरी अनेक कामे भागतात. या दोन्हींत बाकाचा प्रश्नच जवळजवळ उद्भवत नाही. मात्र वर्षानुवर्षे गळती चालणार नसेल आणि आतले मार्ग अगदी बारीक हवे असतील, तर कायमचा जोड लागतो.

आर्गन वेल्डिंग स्वस्त आहे आणि ते करणारे हात वागळे इस्टेटपासून तुर्भ्यापर्यंत सगळीकडे मिळतात. नमुन्याचे एक-दोन नग, नोझल आणि दुरुस्ती यांसाठी ते योग्यच आहे. संपूर्ण परिघासाठी मात्र मी ते शेवटचा पर्याय मानतो आणि त्याचे कारण वरच्या हिशेबात आहे. लेसरमध्ये आच इतक्या लहान ठिपक्यावर पडते की ३००० वॉटची किरणशलाका सेकंदाला ५० मिलिमीटर सरकवता येते. म्हणजे दर मिलिमीटरला केवळ ६० ज्यूल, आर्गनच्या जवळजवळ नवव्या हिश्श्याइतके. तीच अडीच किलोची प्लेट संपूर्ण फेरीत १३-१४ अंशांनीच तापेल. पण चकचकीत ॲल्युमिनियम नेहमीच्या अवरक्त लेसरचा बहुतांश प्रकाश परतवतो, तांबे तर त्याहूनही जास्त, आणि म्हणून तांब्यासाठी निळ्या लेसरचा वापर वाढतो आहे. शिवाय ६०६१ ला फिलरशिवाय वितळवले की तो गोठताना तडकतो. सिलिकॉन असलेला ४०४७ फिलर द्यावा, किंवा झाकणच न तडकणाऱ्या मिश्रधातूचे घ्यावे.

ॲल्युमिनियमच्या मोठ्या प्लेटांसाठी आज सर्वांत विश्वासाची पद्धत घर्षणाची आहे. ब्रिटनमधल्या टीडब्ल्यूआय या संस्थेत १९९१ मध्ये शोधल्या गेलेल्या फ्रिक्शन स्टर वेल्डिंगमध्ये धातू वितळवतच नाहीत. खालच्या टोकाला छोटी पिन असलेले एक टूल फिरत फिरत जोडात घुसवतात. घर्षणाने धातू साधारण ४०० ते ५०० अंशांपर्यंत तापून मऊ होतो, पिन त्याला कणकेसारखा मळत पुढे जाते आणि मागे अखंड जोड तयार होतो. धातू वितळलेला नसल्यामुळे गोठतानाचे आकुंचन नाही, वायूची छिद्रे नाहीत, गोठतानाचे तडे नाहीत. तरीही आच आहे, म्हणून थोडा बाक आहेच. ज्यांना कोणी ही पद्धत ‘शून्य बाक’ म्हणून विकली असेल, त्यांनी पहिल्याच नगावर डायल, म्हणजे उंचसखलपणा मोजणारे घड्याळासारखे मापक, फिरवून पाहावा.

या पद्धतीच्या अटी वेगळ्या आहेत. टूल शेकडो किलो वजनाइतका दाब देते. त्यामुळे जोडाच्या खाली भरीव आधार हवा. झाकण ज्या पायरीवर टेकते ती टूलच्या खांद्याच्या दाबाला पुरेल इतकी रुंद नसेल, तर मऊ झालेला धातू आतल्या मार्गात उतरतो आणि मार्गच बुजतो. टूल बाहेर काढताना तिथे पिनएवढे भोक उरते. ते कुठे यायचे हे आधी ठरवून, जिथे नंतर स्क्रूसाठी छिद्र पडणारच आहे अशा भरीव जागी टूलचा शेवट न्यावा. झाकणाचे उचलणे थांबवण्यासाठी रुंद ठेवलेल्या एखाद-दुसऱ्या मधल्या भिंतीवरूनही टूल फिरवता येते. झाकण मध्येच बांधले गेले, की वर सांगितलेला फटीचा दोष राहत नाही.

निर्वात भट्टीतील ब्रेझिंग ही विषम आचेवरची तर्कशुद्ध मात आहे. तळ आणि झाकण यांच्यामध्ये सिलिकॉनयुक्त ॲल्युमिनियमचा पातळ थर ठेवून संपूर्ण नग भट्टीत सुमारे ५९० ते ६०० अंशांपर्यंत एकसारखा तापवतात. मधला थर वितळतो, बाकीचे वितळत नाही. झाकण प्रत्येक भिंतीला चिकटते आणि हा या पद्धतीचा सर्वांत मोठा फायदा आहे. पण ६०६१ स्वतः ५८२ अंशांच्या आसपास वितळू लागतो, म्हणून इथे वितळण्याची सुरुवात ६४३ अंशांना करणारा ३००३ हा मिश्रधातू अधिक सुरक्षित. त्या तापमानाला धातू इतका मऊ असतो की स्वतःच्या वजनानेही लोंबतो. नगाखालचा आधार सपाट हवा, वरचे वजन सगळीकडे सारखे हवे, आणि भट्टी थंड करण्याची घाई नको. ब्रेझिंगनंतर धातूची कठीणता निघून गेलेली असते. ती परत आणण्यासाठी ६०६१ ला ५३० अंशांच्या आसपास तापवून पाण्यात विझवले, तर ते विझवणेच पुन्हा बाक आणते. मऊ प्लेट चालणार असेल तर तिला तशीच मऊ राहू द्यावी.

दाबून धरणे आणि सोडणे

आमच्याकडे वारंवार ऐकू येणारे वाक्य असे, की ‘घट्ट क्लॅम्प करा, वाकणार नाही.’ क्लॅम्प केलेली प्लेट क्लॅम्पमध्ये असेपर्यंत वाकत नाही, हे खरे. पण जो ताण तिला वाकवणार होता तो आत साठून राहतो. क्लॅम्प सोडल्यावर त्यातला काही भाग लगेच बाहेर पडतो आणि उरलेला नंतर, मशिनिंगमध्ये वरचा थर काढला की.

काही वर्षांपूर्वी आम्ही एका ग्राहकासाठी प्लेटा केल्या होत्या. मिलिंगच्या टेबलावर त्यांचा पृष्ठभाग डायलखाली ३० मायक्रॉनच्या आत होता. ग्राहकाच्या सरफेस प्लेटवर, म्हणजे मापनासाठीच्या अचूक सपाट लादीवर, त्याच प्लेटा डुलत होत्या आणि मधोमध ०.२ मिलिमीटरची फीलर पट्टी, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, आत जात होती. आमचे मापन खोटे नव्हते. वाकलेली प्लेट आम्ही क्लॅम्पने टेबलाला दाबून सपाट केली होती, दाबलेल्या अवस्थेत फेसिंग केले होते आणि दाबलेल्या अवस्थेतच मोजले होते. सोडल्यावर ती आपल्या जागी परत गेली. त्यानंतर आमच्याकडे नियम झाला. प्लेट तीन बिंदूंवर ठेवायची, उरलेल्या फटीत बरोबर त्या जाडीचे शिम, म्हणजे पातळ पत्र्याचे तुकडे, घालायचे, मगच क्लॅम्प हलक्या हाताने आवळायचा आणि शेवटचे मोजमाप नेहमी सुट्या प्लेटचे घ्यायचे.

क्लॅम्पचा खरा उपयोग आच ओढून घेण्यासाठी आहे. जोडाला लागून तांब्याच्या जाड पट्ट्या ठेवल्या, गरज पडल्यास त्यांच्यातून पाणी फिरवले, की वेल्डची आच प्लेटभर पसरण्याआधीच पट्टीत शिरते. त्या पट्ट्या दोन्ही बाजूंना सारख्या टेकलेल्या हव्यात. एक सैल राहिली की तिने मदत करण्याऐवजी नवी विषमता आणलेली असते.

हाताने वेल्ड करताना क्रमाला फार महत्त्व आहे. शिंपी पक्की शिवण घालण्याआधी कच्चे टाके घालतो, तसे आधी समोरासमोरच्या जागी टॅक मारून घ्यावेत. मग सलग फेरी न मारता चार-पाच सेंटीमीटरचे तुकडे समोरासमोर घ्यावेत, म्हणजे एक ओढ दुसरीला तोलते. प्रत्येक तुकडा आधीच्या तुकड्याच्या दिशेने मागे नेत संपवला, तर आकुंचन एका टोकाला साठत नाही. दोन तुकड्यांमध्ये थांबावे आणि किती थांबायचे हे तापमान मोजून ठरवावे. इथे एक फसगत होते. चकचकीत ॲल्युमिनियमवर बंदुकीसारखा अवरक्त तापमापक रोखला तर तो बरेच कमी तापमान दाखवतो, कारण हा पृष्ठभाग उष्ण किरणे फार कमी बाहेर टाकतो. प्लेटला टेकवून मोजणारा तापमापक वापरावा. कामाचा बाक दर वेळी एकाच दिशेला आणि सारखाच येत असेल, तर तेवढाच उलटा बाक आधी देऊन ठेवण्याची जुनी युक्तीही चालते, पण त्यासाठी आधी पाच-दहा नगांचे माप हातात हवे.

आपल्याकडच्या पावसाळ्याचा इथे थेट संबंध आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत खाडीकाठच्या या पट्ट्यात हवा इतकी दमट असते की ॲल्युमिनियमच्या पृष्ठभागावरचा ऑक्साइडचा थर आणि फिलरची तार ओलावा धरून ठेवतात. वेल्डिंगच्या चापामध्ये त्या ओलाव्यातून हायड्रोजन सुटतो. वितळलेला ॲल्युमिनियम घन ॲल्युमिनियमच्या सुमारे वीसपट हायड्रोजन सामावतो, आणि गोठताना तो बाहेर न पडू शकल्याने वेल्डमध्ये छिद्रे राहतात. छिद्र सापडले की दुरुस्ती आली. दुरुस्ती म्हणजे त्याच जागी दुसऱ्यांदा आच, तीही संपूर्ण प्लेट बंदिस्त आणि ताणलेली असताना. माझ्या अनुभवात सर्वांत वाईट वाकलेल्या प्लेटा या दुरुस्त केलेल्या प्लेटा असतात. म्हणून पावसाळ्यात फिलर कोरड्या, उबदार कपाटात ठेवावा, जोड ॲसिटोनने पुसून स्टेनलेसच्या स्वच्छ ब्रशने घासावा आणि घासल्यानंतर त्याच पाळीत वेल्ड करावा. सकाळी घासून दुसऱ्या दिवशी वेल्ड केलेला जोड पुन्हा घासावा लागतो.

शेवटचा काप आणि चाचणी

मॉड्यूल बसण्याच्या पृष्ठभागाचे फेसिंग सर्वांत शेवटी ठेवावे, आणि त्यासाठी ड्रॉइंगमध्ये सुरुवातीपासून अर्धा ते एक मिलिमीटर जास्तीचा धातू ठेवावा. मात्र फेसिंग हे बाकावरचे झाकण होऊ नये. मार्ग आणि पृष्ठभाग यांच्यामध्ये बहुधा दोन-तीन मिलिमीटरचीच भिंत असते. प्लेट अर्धा मिलिमीटर वाकलेली असताना वरून सपाट केली, तर मध्ये भिंत पातळ होते आणि कडेला जाड राहते. पृष्ठभाग सपाट दिसेल, पण त्याखालची उष्णतेची वाट जागोजागी वेगळी असेल आणि पातळ जागी दाबाने भिंत फुगण्याची शक्यता असेल. म्हणून वेल्डनंतरचा बाक ठरावीक मर्यादेच्या वर गेला, तर तो नग फेसिंगला न पाठवता बाजूला काढावा. गॅसच्या ज्योतीने शेकून सरळ करणे पोलादाच्या गर्डरला ठीक असले, तरी ६०६१ ची कठीणता त्याने जागोजागी मरते. कोल्ड प्लेटला ते करू नये.

दाबाची चाचणी मात्र शेवटच्या कापाच्या आधी घ्यावी. कामाच्या दाबाच्या दीडपट दाब दिल्यावर झाकण किंवा भिंत थोडी कायमची फुगू शकते, आणि फेसिंगनंतर चाचणी घेतली तर मोठ्या कष्टाने आणलेला सपाटपणा त्या चाचणीतच जातो. आधी दाब द्यावा, प्लेटला जेवढे हलायचे आहे तेवढे हलू द्यावे, आणि मग काप घ्यावा. कापानंतर गळतीची जी सूक्ष्म चाचणी घ्यायची ती हेलियमने, कमी दाबावर घ्यावी. नंतर पुन्हा एकदा सरफेस प्लेटवर, सुट्या अवस्थेत डायल फिरवावा. कोरल्यानंतर, वेल्डनंतर, दाबानंतर आणि शेवटच्या कापानंतर अशी चार मापे प्रत्येक नगाच्या कागदावर लिहून ठेवली, की पुढच्या लॉटमध्ये बाक कुठल्या टप्प्यावर आला हे विचारण्यासाठी वेल्डरकडे बोट दाखवावे लागत नाही.